पुढच्याला पलंग, मागच्याला पाट

मिल्या, गाडी आली.

काळी घेतली. तू निळी घे म्हणाला असतास आणि मी हट्टानं काळी घेतली असती, म्हणजे तसंही काळीच आली असती. शोरूमवाल्यांनी गळ्यात हार घातला, पुठ्ठ्याची भलीमोठी चावी हातात देऊन फोटो काढला. फोटोत मी असा उभा आहे की तुझी अलका वहिनी म्हणाली, "मयताला आल्यावानी काय उभं राहिलाय?" आणि मग तिनंच जीभ चावली. तुला जाऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते.

ग्रुपवर सगळ्यांनी तुझा फोटो टाकून हात जोडले. मी काही टाकलं नाही. बंडू म्हणाला, काशिनाथ, तू सगळ्यात जवळचा आणि तूच गप्प? काय टाकणार होतो रे? मला तुझ्याशी अजून भांडायचं होतं, आणि हात जोडून भांडता येत नाही. म्हणून हे लिहितोय. तू वाचणार नाहीस हे मला कळतं, एवढा काही मी येडा झालेलो नाही.

शोरूमच्या मॅनेजरला तुझं सांगायला गेलो, तर त्याला गंमत वाटली. त्याला म्हटलं, आमच्या पेठ गावात नवीन मोटरसायकल आली की तिचा निकाल एकच माणूस द्यायचा, आणि त्या माणसानं जन्मात कधी मोटरसायकल चालवलेली नव्हती. तो हसला. मला त्याची गचांडी धरावीशी वाटली, पण हार गळ्यात होता.

सातवीच्या वर्गात तुला पहिली फिट आली तेव्हा मी तुझ्या शेजारी बसलेलो होतो. चप्पल हुंगवायला निघालेला पहिला शहाणा मीच. पुढं गोळ्यांनी फिट थांबल्या, पण डॉक्टरांनी सांगितलं, गाडी चालवायची नाही. आणि तुला तर मोटरसायकलचं येड. दुसरं कुणी असतं तर एक तर चोरून चालवली असती, नाही तर गाडीचं नाव टाकलं असतं. तू हायवेच्या कडेला सीट कव्हरचं दुकान टाकलंस आणि सगळ्या गावाच्या मागं बसलास. मी, बंडू पोल्ट्रीवाला, टोमॅटोचा व्यापारी गोरक्ष, आमच्यातल्या कुणाचीही नवी गाडी आली की चाकाखाली लिंबं फोडायची, तुला मागं घ्यायचं आणि पेठेतून थेट ओझर गाठायचं. हा नेमच पडला होता. आम्ही विघ्नहराला गाडी दाखवून नारळ फोडायचो, तू पार्किंगमध्ये हेल्मेटं राखायचास. "तुमी देवाला जाऊन या, मी हितं बसतो," म्हणायचास. तुझ्या घरी बुद्धवंदना, पण नारळाच्या खोबऱ्यात अर्ध्याहून जास्त वाटा तुझाच असायचा.

मग निकाल. तू उतरायचास, चार पावलं चालायचास, कमरेवर हात ठेवून थांबायचास. आम्ही बापे बापे मंडळी दहावीच्या पोरांसारखी तुझ्या तोंडाकडं बघत उभी. गाडी कितीचा ॲव्हरेज देते, किती पळते, हे आम्ही सांगायचं. तू फक्त मागचं सांगायचास. पसंत पडली तर म्हणायचास, "पास. आता वहिनीला बसव." आणि लईच पसंत पडली तर वाटेत चक्क डुलकी काढायचास. "मागचा पेंगला की समजायचं, गाडी एक नंबर," हे तुझं शास्त्र.

तीस वर्षं मी हे बघितलं आणि मला ते साधंच वाटत आलं. आता एकेक आठवतं आणि अंगावर काटा येतो. अवसरीच्या घाटापासूनच तू डोळे मिटलेले ठेवायचास. कळंबच्या पुलावर आलो की डोळे न उघडता सांगायचास, "पूल आला." ते ठीक आहे, पुलाचा आवाज वेगळा येतो. पण गोरक्षच्या गाडीवर मागं बसून दोन किलोमीटरमध्ये म्हणालास, "मागच्या चाकाचं बेअरिंग चाललंय." गोरक्ष शपथेवर सांगत होता की गाडी सर्व्हिसिंगहून कालच आणलीय. गॅरेजवाल्यानं चाक खोललं आणि बेअरिंगच्या गोळ्या हातात काढून दिल्या. बंडूला तर तू म्हणालास, "बंड्या, तुझा डावा खांदा दुखतोय. वळणावर गाडी तू हातानं न्हाई, मानेनं वळवतो." बंडूनं ते घरात बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

आणि माझे वडील दवाखान्यात होते ती सकाळ. मी तुला फक्त मंचरपर्यंत सोडणार होतो. एक शब्द बोललो नव्हतो. तू मध्येच माझ्या पाठीवर थाप मारलीस. "काशा, कडंला घे. दर गतिरोधकाला तू उशिरा ब्रेक मारतोयस. तू हितं न्हाईस." मी शिव्या घातल्या आणि गाडी कडेला घेतली. मग रस्त्याच्या कडेच्या उसाकडं तोंड करून जे रडलो ते तुला एकट्याला माहीत. तू पाठमोरा उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर मोठ्यानं वाचत होतास, मला लाज वाटू नये म्हणून. कसली रे ही युक्ती!

एक गोष्ट मात्र तेव्हाही मला पटली नव्हती. निरगुडसरकडं कॅनॉलच्या कडेच्या सरळ रस्त्यावर, भर दुपारी, चिटपाखरू नाही, आणि आम्ही तिघं तुझ्या मागं लागलो. एकदा चालव. शंभर पावलं चालव. तुझं आयुष्य सार्थकी लागू दे. गोळ्या चालू होत्या, वीस वर्षांत एक फिट नाही. मी तर चावी तुझ्या खिशात कोंबली होती.

"कोण बघतंय राव हितं?" गोरक्ष म्हणाला.

"मी बघतोय की," तू म्हणालास. चावी काढून माझ्या हातावर ठेवलीस. "वीस वरसं आली नाय म्हंजी आज येणार नाय, असं लिहून देतो का? माझं मला काय नाय रे. पण समोरून येणाऱ्यानं काय घोडं मारलंय?"

आम्हाला तेव्हा तू भित्रा वाटलास. घरी येऊन मी अलकाला तसं म्हणालोही. आज सांगतो, त्या दिवशी त्या रस्त्यावर एकच मर्द उभा होता आणि तो गाडीवर मागं बसून घरी आला.

तर ही क्रूझर. साडेतीनशे सीसीची ही नवी गाडी शोरूमला आली तेव्हा आपल्या चहाच्या टपरीवर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. बंडू म्हणाला, "म्हशीवर बसल्यावानी बसायचं आन् घोड्यावानी पळायचं." गोरक्षचं म्हणणं, उंची कमी, गावातल्या गतिरोधकांना पोट घासणार, आणि गर्दीत उजव्या पोटरीला इंजिनची धग लागणार. मला काही ऐकू येत नव्हतं. पाय पुढं सोडून, हात मोकळे टाकून बसलो की पन्नाशीतला माणूस एकदम राजा होतो. तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढते रे ती, कुरकूर नाही, धापा नाहीत, नुसती आपली धप धप धप. मी पहिल्याच फेरीला खुळा झालो. आणि मी ती चूक केली जी आपल्यात कुणीच कधी केली नव्हती. तुझ्या निकालाआधी बुकिंग करून टाकलं. सांगितलं मात्र कुणालाच नाही.

रविवारी ट्रायलची गाडी घेऊन आपण ओझरला गेलो. तू मागं. उतरलास, चार पावलं चाललास, कमरेवर हात ठेवलेस.

"काशा, नको घेऊस."

"का?"

"पुढच्याला पलंग हाय, मागच्याला पाट. सीट मागं उतरती हाय, वहिनी घाटात मागं सरकत राहणार. शॉकअप आखूड, खड्डा थेट मणक्यात जातो. पाय ठेवायचं वर हाय, त्यात वहिनीचं गुडघं दुखत्यात. गाडी घेताना समदे पुढं बसून बघत्यात. मागं बसणारी शोरूममधी चहा पीत बसती."

"बुकिंग झालंय," मी म्हणालो.

बंडू आणि गोरक्षनं माझ्याकडं बघितलं. तू फक्त विचारलंस, "मग मला कशाला आणलं?"

बरोबर प्रश्न होता. म्हणूनच मी तोंड सोडलं. पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर म्हणालो, "ज्यानं जन्मात हँडल धरलं नाय, त्यानं आम्हाला गाडी शिकवू नये."

"बरं," म्हणालास. एवढंच. हेल्मेट उचललंस आणि बंडूच्या मागं जाऊन बसलास. परत येताना मी पुढं, तुम्ही मागं. आरशात दिसत होतास.

गुरुवारी तुझ्या दुकानावरून गेलो तेव्हा तू मशीनवरून हात वर केलास. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं. हेल्मेटचा हा एक फायदा, माणसाला न दिसल्यासारखं करता येतं. म्हटलं, दोन-चार दिवस जाऊ देत, मग जाऊ, चहा पिऊ, मिटवू. तीस वर्षांत आपण काय कमी वेळा भांडलो? मंगळवारी सकाळी दुकान उघडून तू मशीनवर बसलास आणि तिथंच मान टाकलीस. हृदय बंद पडलं म्हणाले. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी सगळ्यात मागच्या रांगेत बसलो. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते आणि मला वाटत होतं, आता कुणीतरी उठून माझं ते वाक्य सांगणार.

गाडी आणली आणि घरासमोर झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी तुझ्या घरून लता वहिनीचा फोन. "भाऊ, गाडी आली म्हणं. घेऊन या की. सीट काढायची हाय."

मला काही उमगेना. गेलो. मशीनवर आता वहिनी बसते. डोळे खोल गेलेले. म्हणाली, झोपच लागत नाही. कूस बदलली की तुमच्या भावाचं खोकणं ऐकू येईल असं वाटतं आणि जाग येते. मग फळीवरून एक गुंडाळी काढली. तू कापतोस तसा वर्तमानपत्राचा फर्मा, सीटच्या मापाचा. पुढचा एक, मागचा एक. मागच्यावर तुझ्या पेन्सिलीतलं गिचमिड अक्षर, इथं फोम दीड इंच वाढव, मागची कड उचल.

"तुमच्याच गाडीचा हाय," ती म्हणाली. "एसटीनं मंचरला जाऊन शोरूमात मापं घेतली. म्हणले, काश्यानं गाडी घेतलीया, आता नको घेऊ म्हणून काय उपेग? अलका वहिनीचं गुडघं दुखत्यात, सीट तरी धड करून देऊ."

मी कागद उलटा केला. वर तारीख-वार छापलेला होता. बुधवार. आपलं भांडण रविवारचं. मिल्या, बुधवारी सकाळचा पेपर वाचून तू त्याच्यातून माझ्या गाडीची सीट कापलीस, आणि गुरुवारी हात केलास तेव्हा मला हेच सांगायचं होतं ना? आणि मी हेल्मेटातून पुढं बघत निघून गेलो.

"ते अजून काय म्हणले का? आमच्यात काय झालं ते?" मी विचारलं.

"काय झालं व्हतं?"

तू घरी सांगितलंच नव्हतंस. तिथल्या फोमच्या ढिगावर बसलो. तोंडापर्यंत आलं होतं, पण तिचे डोळे बघितले आणि सांगवेना.

दोन दिवसांत वहिनीनं सीट शिवली. मग म्हणाली, "बसून बघाय लागतंय. ते सोता बसायचे. तुमीच बसा, तुमचं वजन त्यांच्याएवढंच हाय. ओझरपस्तोर जाऊ, काय टोचलं तर मी तितंच फोम तासून देते." तिला, अलकाला, गोरक्षला आणि हत्यारांची पिशवी घेऊन बंडू पिकअप काढणार होता. प्रश्न एवढाच, चालवणार कोण? बंडूच्या मागं मी मेलो तरी बसणार नाही. गोरक्षच्या तर नाहीच. माझी सायली पुढं आली. तेवीस वर्षांची पोर, मंचरला मेडिकलमध्ये कामाला, रोज स्कूटीवर जाते. "पप्पा, चावी द्या." तिचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले. आजवर माझ्या एकाही गाडीवर टेकले नव्हते. आम्ही टपरीवर एवढा काथ्याकूट केला, पण ह्या गाडीचा हा गुण आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आला नव्हता.

आणि मी मागं बसलो. जन्मात पहिल्यांदा.

आईशप्पथ सांगतो मिल्या, मला घाम फुटला. समोर काही दिसत नाही, नुसती पोरीची पाठ आणि हेल्मेट. हँडल नाही, ब्रेक नाही, हातांना कामच नाही. ट्रक आला की माझा उजवा पाय आपोआप दाबला जायचा, पण पायाखाली ब्रेक नव्हता. घाटात डोळे मिटून बघितले, तुझ्यासारखे. तीन वळणंसुद्धा निभलं नाही. आपला जीव असा उचलून दुसऱ्याच्या पाठीशी द्यायचा, त्याच्या रागासकट, त्याच्या झोपेसकट, आणि वर त्याचं बेअरिंग, त्याचा खांदा, त्याचं रडू समजून घ्यायचं! तीस वर्षं तू हे केलंस. आमच्यासारख्या टोणग्यांच्या मागं बसून केलंस. आम्हाला वाटायचं, आम्ही तुला फिरवतो.

ओझरला उतरलो. चार पावलं चाललो. ठरवून नाही, पाय आखडले होते म्हणून. कमरेवर हात गेले आणि बघतो तर बंडू, गोरक्ष, अलका, सगळे माझ्या तोंडाकडं बघत उभे. लता वहिनी हातात फोम तासायची सुरी घेऊन तयार.

मी म्हणालो, "वहिनी, मागच्या महिन्यात ह्याच जागी, ह्या सगळ्यांसमोर मी मिल्याला बोललो, की ज्यानं हँडल धरलं नाय त्यानं गाडी शिकवू नये. त्यानं घरी सांगितलं नाय. मी सांगतो. माझं चुकलं."

वहिनीनं सुरी पिशवीत ठेवली.

"सीट कशी हाय, ते सांगा आधी," ती म्हणाली.

"कुठं टोचत नाय. घाटात सरकलो नाय. खड्डा लागतो, पण मणक्यात जात नाय." आणि मग ते तुझं वाक्य तोंडात आलं आणि तिथंच अडकलं. पास, आता वहिनीला बसव. अलका पुढं झाली, हेल्मेट घालायला लागली. माझं लक्ष मात्र लता वहिनीकडं गेलं. तीस वर्षं तू गावभर लोकांच्या बायकांसाठी सीटा पास केल्यास. तुझी बायको कुणाच्या मागं बसणार होती रे? तू चालवत नव्हतास. लग्नापासून तुम्ही दोघं एसटीनं, नाही तर चालत. एका मोटरसायकलवर तुम्ही दोघं कधी बसलाच नाहीत, आणि हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

अलकाला काय कळलं देव जाणे. तिनं हेल्मेट काढलं. "वहिनी, तुमी बसा," म्हणाली.

"अगं बया, मी? मला न्हाई सवय."

"पास झालीया," मी म्हणालो. "आता तुमी बसा."

बंडूनं पिकअपमधून तुझं हेल्मेट काढलं. त्यानं ते का आणलं होतं कुणास ठाऊक. तिला मोठं होत होतं, म्हणून आधी डोक्याला स्कार्फ बांधला. सायली म्हणाली, "काकू, मला धरा घट्ट." आणि निघाल्या.

मी पिकअपमध्ये, त्यांच्या मागं. नारायणगाव सोडेपर्यंत वहिनी काठीसारखी ताठ. पुढं पाठ सैल पडली. कळंबचा पूल ओलांडला आणि ते हेल्मेट हळूहळू सायलीच्या पाठीला टेकलं. तिथंच राहिलं. बंडूनं घाबरून हॉर्नवर हात नेला, मी त्याचा हात धरला. सायलीनं आधीच वेग कमी केला होता. एक हात हँडलवरून काढून तिनं वहिनीचे दोन्ही हात आपल्या पोटाशी दाबून धरले होते आणि कडेकडेनं, बैलगाडीच्या चालीनं चालली होती. तिला पाठीतून कळलं होतं. मागून ट्रकवाले बोंबलत होते, बोंबलू देत म्हटलं.

दुकानासमोर गाडी थांबली. वहिनी उतरली, चार पावलं चालली, हेल्मेट काढलं. गालावर स्कार्फच्या गाठीचा वळ उठला होता.

"वहिनी, डोळा लागला व्हता का?" मी विचारलं.

ती जरा लाजली. "हां भाऊ," म्हणाली. "लई दिसांनी."